झडप कोण लावतं?

रविवार, रात्री साडेदहा

हाताचा वास अजून गेलेला नाही. लिंबू चोळलं, बेसन लावलं, शेवटी भांड्याचा साबणसुद्धा झाला. पण आता लिहिलं नाही तर उद्या शाळेच्या गडबडीत सगळं निसटेल.

भानगड सुरू झाली गुरुवारी, आठवी ब च्या तासाला. हृदयाची आकृती फळ्यावर काढून झाली होती, लाल-निळे खडू बोटांना लागले होते, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, झडप बंद कोण करतं?" मी म्हटलं, झडपेला खालून दोऱ्या असतात ना, त्या ओढल्या गेल्या की बंद होते. तिनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनीही लिहिलं.

घरी येताना गाडीवर डोक्यात आलं, अगं, दोऱ्या खालून निलयाच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, भिंतीला बांधलेल्या, झडपेची दलं म्हणजे पाकळ्याही खालीच लोंबतात. मग दोऱ्या खाली ओढल्या तर झडप उघडेल, बंद कशी होईल? १९ वर्षं मी हेच सांगत आले आणि एकदाही अडले नाही. वरच्या-खालच्या कप्प्यांना आमच्या वेळी कर्णिका-जवनिका म्हणायचे, आता अलिंद-निलय आले. शब्द बदलले तेव्हा वह्या नव्या केल्या, वाक्य मात्र तेच उतरवलं.

खरं सांगायचं तर चार कप्प्यांचं हृदय मी कधी हातात घेतलेलंच नव्हतं. बीएस्सीला झुरळ कापलं, त्याचं तेरा कप्प्यांचं. बेडूक कापला, त्याचं तीन कप्प्यांचं. (बेडकांबद्दल अजून वाईट वाटतं. २०१४ साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं ते बरंच केलं. एका बरणीतले ते सगळे बेडूक, आणि आम्हाला फक्त जर्नल पूर्ण करायचं होतं.) बोकडाचं दिल मात्र कुणाच्या तरी रश्श्यात जाणारच असतं.

म्हणून आज सकाळी सातला गल्लीच्या टोकाला मटणवाल्या मामांकडे. "मामा, तीन दिलं पाहिजेत. चीर द्यायची नाही आणि वरच्या नळ्या लांब ठेवायच्या." ते एरवी सुरीचा एक फटका मारून गुठळ्या काढूनच देतात. "बाई, नळ्या कोण खातं?" म्हटलं, खायला नकोत, बघायला हव्यात. मग त्यांनी फेफड्यापासून तीन दिलं स्वतः सोडवली आणि एक जाड पांढरी नळी बोटांनी ताणून दाखवली. "ही बघा, सोडली की रबरासारखी परत येते. दुसरी येत नाही एवढी." महारोहिणी, हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य नळी. लवचिक भित्तिका असा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मामांच्या तो बोटांत होता.

पहिलं दिल वाया गेलं. काट्यावर ९४ ग्रॅम भरलं, वर घट्ट पांढरी चरबी, गुळगुळीत पातळ पापुद्रा. पाटावर टोक खाली करून पुस्तकातल्यासारखं ठेवलं आणि उजवं निलय समजून ब्लेड घातलं. जाईना. जोर लावला, तेव्हा झडपेसकट दोऱ्या तोडत आरपार गेलं. ते डावं होतं. "आकृतीतलं उजवं म्हणजे तुमच्या डावीकडचं" हे पोरांना ओरडून सांगणारी मीच, आणि दिल पालथं ठेवलं होतं.

पिळून बघायला हवं होतं. मऊ लागतं ते उजवं, टणक ते डावं, आणि खालचं टोक पूर्ण डाव्याचं. वाया गेलंच होतं म्हणून मधून आडवं कापलं, आणि बराच वेळ नुसती बघत बसले. डावं निलय गोल, जाडजूड. उजवं त्याला चंद्रकोरीसारखं चिकटलेलं, जणू डाव्याभोवती शाल लपेटली आहे. पट्टी लावली: डावी भिंत १३ मिलिमीटर, उजवी ४. उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, डाव्याला शेपटापर्यंत. आणि आपल्या आकृतीत दोन्ही खोल्या वाटणी केल्यासारख्या सारख्या.

उजव्या निलयात मधल्या पडद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत एक स्नायूची पट्टी पुलासारखी ताणलेली होती. तुटलेली दोरी समजून मी ती कापणारच होते. हृदयाच्या आकुंचनाचा विद्युतसंदेश ज्या वाटांनी जातो त्यातली एक वाट या पुलावरून जाते, माणसातही. शालेय आकृतीत पूल नसतोच.

मग पडद्यात उदबत्तीची काडी खुपसून बघितली. दोन्ही बाजूंना इतके खळगे की काडी कुठेही आत घुसते, पण पलीकडे निघत नाही. प्राचीन काळच्या गेलन या वैद्याला वाटलं होतं की या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, आणि लोकांनी ते हजारावर वर्षं मानलं. मी त्याला वर्गात जरा हसायचे. आज हसू आलं नाही, खळगे बघून कुणालाही तसंच वाटेल. कैरोच्या इब्न अल-नफीस या वैद्यानं तेराव्या शतकातच लिहिलं होतं की पडदा भरीव आहे, रक्त फुफ्फुसातून फिरून येतं. रक्ताभिसरण मांडणारं हार्वेचं पुस्तक त्यानंतरचं, १६२८चं.

एव्हाना आई पूजा आटोपून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अगं, एवढं बारीक चिरून टाकणारच आहेस, तर मीठ-तिखट लावून भाजलं असतं."

दुसरं दिल जपून घेतलं. वरची अलिंदं कात्रीनं उडवली, गुठळ्या नळाखाली धुतल्या, मग दिल मुठीत उभं धरून तांब्यानं डाव्या निलयात पाणी ओतलं. दलं खाली लोंबत होती. पाणी वर चढलं तशी ती तरंगत उठली, ओल्या कापडासारखी, आणि कडेला कड येऊन टेकली. मूठ हलकेच आवळली. दलं फुगली, घट्ट मिटली, आणि पाणी महारोहिणीतून उसळून थेट माझ्या चष्म्यावर.

कुणीच लावत नाही झडप. रक्तच लावतं. मागे फिरायला निघालेलं रक्त स्वतःच दार ढकलतं. दोऱ्यांचं काम वेगळं: दार पलीकडे उलटू नये. वाऱ्यात छत्री उलटते ना, तशी झडप वर उलटू नये म्हणून त्या ताणून धरतात. खात्री म्हणून दोन दोऱ्या कापल्या आणि पुन्हा मूठ आवळली. दलाची एक कड वर उलटली, फटीतून पाणी गळलं. तीन वेळा करून बघितलं. तिसऱ्या वेळी आईंनी तांब्या धरला होता.

मग मामांनी लांब ठेवलेल्या नळीत वरून पाणी ओतलं. तिथल्या झडपेला दोऱ्या नाहीतच, तीन खिसे आहेत फक्त. खिसे भरले, एकमेकांवर रेलले, पाणी थांबलं. पण हळूहळू उतरायला लागलं. कुठून? नळी उभी चिरली तर खिशांच्या वरच दोन बारीक भोकं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची तोंडं. अप्पांच्या अँजिओग्राफीत मनगटातून घातलेली तार इथवर पोचली होती. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्याला स्वतःचं रक्त मिळायला ही दोन भोकं, काडी जेमतेम जाईल एवढी. त्या दिवशी मॉनिटरवर काळ्या फांद्या दिसल्या होत्या, आणि मी कळल्यासारखी मान हलवली होती.

तिसरं दिल फ्रीजमध्ये आहे, जुन्या श्रीखंडाच्या डब्यात, दोन पिशव्या गुंडाळून. आईंनी त्यांचं विरजण काढून देवघराजवळ नेलं आहे.

उद्या आधी ते वाक्य खोडायला लावायचं, ४४ वह्यांमधून. आकृतीचं काय करायचं ते ठरत नाही. परीक्षेत पुस्तकातलीच लागते, शाल लपेटलेली कुणी काढली तर मार्क जायचे. संध्याकाळी मामांना फोन करून विचारलं, वर्गासाठी एकदम आठ मिळतील का. म्हणाले, "बाई, मी दिवसाला चारच बोकड कापतो. दोन दिवसांची जमवून ठेवतो. पण सोमवारी नको, सोमवारी दुकान बंद."