डेनिस एफ12, 1:24 : केबिन झाली, आता शिडी

केबिन बसली, मडगार्ड बसले, आणि गाडी आता लांबून तरी बंबासारखी दिसायला लागली आहे. जे मधूनच वाचायला लागले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात: हे 1:24 मापाचं मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. गाडी लंडन फायर ब्रिगेडची, 1950 च्या दशकातली डेनिस एफ12 पंप-एस्केप, म्हणजे पंप आणि चाकांची सुटकेची शिडी (एस्केप) दोन्ही वाहणारा आगीचा बंब. किट नाही. प्लास्टिक शीट, पितळी तार, लाकूड आणि हार्डवेअरच्या दुकानात जे मिळेल ते. या खेपेचा जवळजवळ सगळा वेळ शिडीने खाल्ला, म्हणून लिहिणारही मुख्यतः शिडीबद्दलच.

आधी बाकीचं उरकतो. बॉनेट बंदच ठेवणार आहे, त्यामुळे इंजिन बनवलेलं नाही. थोडं जिवावर आलं, कारण या गाडीचं इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसचं बी80, एका ओळीत आठ सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं. हेच इंजिन ब्रिटिश लष्कराच्या सॅरासेन चिलखती गाडीत होतं. महायुद्धाआधीच्या बंबांच्या मानाने त्याची ओढ जबरदस्त, आवाज मात्र अगदी सौम्य. पेट्रोल किती पीत असेल ते बोलायलाच नको. पण आगीच्या बंबाचं अ‍ॅव्हरेज कोण विचारतो? गिल्डफर्डच्या डेनिस कारखान्याने पहिला बंब 1908 मध्ये ब्रॅडफर्डला विकला होता. एफ12 तिथपासून चार दशकांनी आली आणि साधारण दशकभर बनत राहिली. अरुंद गल्ल्यांसाठी तिची धाकटी बहीण एफ8 होती, रुंदी फक्त साडेसहा फूट आणि इंजिन सहा सिलिंडरचं. ती कधीतरी करायचीच आहे.

आता शिडी.

एफ12 चे फोटो बघताना माणूस आधी रेडिएटरची जाळी आणि घंटा बघतो. मीही तेच करायचो. मापं घ्यायला बसलो तेव्हा कळलं, की या गाडीचा आकार शिडीने ठरवला आहे. पन्नास फुटी लाकडी एस्केप, तीन टप्प्यांची, स्वतःच्या दोन प्रचंड चाकांवर उभी राहणारी. प्रवासात तिचा शेंडा केबिनच्या छतावरून पुढे डोकावतो आणि चाकं गाडीच्या मागे अधांतरी लटकतात. म्हणजे गाडीची मागची बाजू आख्खी शिडीच्या ताब्यात. तिथे पंप ठेवला तर चालवणारा उभा कुठे राहणार? म्हणून पंप गाडीच्या मधोमध आणि त्याची हँडलं, गेज, होज जोडायची तोंडं बाजूला. छत सपाट का, मागचं शरीर बुटकं का, लॉकर बाजूलाच का, सगळ्यांचं उत्तर शिडीत आहे.

ही चाकांची शिडी मोटारगाडीच्या कितीतरी आधीची. लंडनमध्ये 1836 साली एक धर्मादाय संस्था निघाली, आगीतून जीव वाचवण्यासाठी. तिने रस्त्यांच्या नाक्यांवर चाकांच्या शिड्या उभ्या केल्या. रात्रभर प्रत्येक शिडीपाशी एक पगारी माणूस, त्याला कंडक्टर म्हणत. आरडाओरडा ऐकू आला की येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताशी धरून तो शिडी ढकलत न्यायचा. गंमत अशी, की त्या काळी बंब होते विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या दलाकडे. त्यांचं मुख्य लक्ष इमारत आणि माल वाचवण्याकडे, आणि माणसं वाचवायची शिडी मात्र देणग्यांवर. 1861 मध्ये टूली स्ट्रीटची आग लागली. तिच्यात त्या दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून गेले. नुकसानभरपाईचा आकडा बघून विमा कंपन्यांनी सरकारला सांगून टाकलं, की आता हे तुम्ही सांभाळा. 1866 पासून मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड सुरू झाली, कॅप्टन शॉ प्रमुख झाले, आणि पाठोपाठ त्या रस्त्यावरच्या शिड्याही ब्रिगेडकडे आल्या. पुढे शिडी घोड्यांच्या गाडीवर चढली, मग मोटारीवर. खालची वाहनं बदलत गेली, शिडीचा मूळ आराखडा तोच राहिला. माझं मॉडेल 1958 सालच्या गाडीचं आहे आणि तिच्या पाठीवर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं यंत्र.

हे यंत्र चालायचं कसं, हे नीट समजल्याशिवाय बनवण्यात अर्थ नव्हता. गाडी थांबली की माणसं मागे धावायची, अडकवण सोडायची आणि शिडी मागे ओढून चाकांवर उतरवायची. मग जवळपास टनभर वजनाचं ते धूड ढकलत भिंतीपाशी न्यायचं. कोन बदलायला शिडीच्या चाकांच्या गाड्यावरच गिअर आणि हँडल. वरचे दोन टप्पे सारायला दुसरं हँडल, त्यावर पोलादी दोर आणि पुल्या. कसलेली टोळी हे सगळं बघता बघता उरकायची. मग वरून माणूस खांद्यावर टाकून खाली आणायचा. याचा सराव खरोखरची माणसं खांद्यावर घेऊन चालायचा, पोत्यांवर भागवत नसत.

फिरत्या शिडीची, म्हणजे टर्नटेबलची, शंभर फुटी गाडी लंडनकडे होती. पण ती इमारतीच्या मागच्या चौकात जाऊ शकत नाही. एस्केप कमानीखालून ढकलत नेता येते. शिवाय एकदा शिडी उतरवली की गाडी मोकळी, ती जाऊन हायड्रंटला (रस्त्यावरच्या बंबासाठीच्या नळाला) लागते आणि पंपाचं काम करते. ही दुहेरी सोय मला त्या काळच्या ब्रिटिश बंबांतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. पुढे 13.5 मीटरची अ‍ॅल्युमिनियमची शिडी आली. ती छतावर मावते आणि चार जण उचलून नेतात. तिच्यापुढे एस्केप टिकली नाही. 1980 च्या दशकात लंडनने तिला निरोप दिला. व्यवहार म्हणून बरोबरच होतं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीचं मॉडेल करायला माझा हात शिवशिवत नाही, हेही खरं.

चाकांपासून सुरुवात केली. खरं चाक साधारण पाच फुटी, म्हणजे 1:24 मध्ये साडेत्रेसष्ट मिलिमीटर. प्लंबरकडे 63 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो! त्याच्या पातळ चकत्या कापल्या, आतून-बाहेरून पॉलिश पेपर मारला, धाव तयार. आरे बांबूच्या काड्यांचे. एमडीएफच्या तुकड्यावर कंपासने वर्तुळ आखलं, कोन मोजून खिळे ठोकले, मध्ये तुंबा बसवला आणि एकेक आरा खिळ्यांच्या आधाराने चिकटवला. आऱ्याची जाडी सगळीकडे सारखी ठेवली की चाक खेळण्यातलं दिसतं. खरा आरा तुंब्यापाशी जाड आणि धावेकडे निमुळता असतो, म्हणून प्रत्येक काडी चिमटीत धरून एका टोकाला घासली. हे काम रेडिओ लावून करावं. दुसऱ्या कशासाठी डोकं लागत नाही.

शिडीच्या लांब बाजू बर्च प्लायच्या पट्ट्यांच्या. बाल्सा वापरू नका, भोक पाडताना दबतो. दोन्ही पट्ट्या एकमेकांवर चिकटपट्टीने बांधून एकदमच भोकं पाडली, म्हणजे पायऱ्या तिरक्या जात नाहीत. पूर्ण वर सारली तर शिडी 635 मिलिमीटर भरते, माझ्या कपाटाच्या खणात मावणार नाही, पण टप्पे सरकते ठेवलेत. खालच्या टप्प्याच्या बाजूंना ताण देणाऱ्या तारा असतात, लाकूड वाकू नये म्हणून. त्यासाठी गिटारची सर्वांत बारीक तार वापरली. तिला खऱ्यासारखा ताण देता येतो आणि गंमत म्हणजे शिडी खरंच ताठ राहते. ओढायचा दोर मासेमारीच्या विणलेल्या दोऱ्याचा, राखाडी रंगवलेला. पुल्या पितळी नळीच्या चकत्या. हँडल फिरवलं की मधला टप्पा सरकतो. वरचा अजून हट्ट करतो, त्याच्या खोबणीला मेण लावून बघणार आहे.

एक हुक लॅडरही केली. आकडीची शिडी: तेरा-साडेतेरा फूट लांब, अरुंद, वरच्या टोकाला दातेरी पोलादी आकडी. ती वरच्या खिडकीच्या कठड्याला अडकवायची, चढायचं, खिडकीत बसून शिडी वर ओढायची, पुढच्या मजल्याला अडकवायची. 1902 मध्ये क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या आगीत शिड्या पोचल्या नाहीत आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या तरुण मुलींचा जीव गेला. त्यानंतर लंडनने ही शिडी घेतली. नुसतं वाचूनच तळपायाला घाम येतो. आकडीचे दात पितळेच्या पत्र्यात सुईच्या कानशीने काढलेत, भिंगाखाली बघितले तर दिसतील.

साल 1958 का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. एक कारण शुद्ध रंगकामाचं आहे. 1965 च्या एप्रिलमध्ये शहराचा कारभार बघणारी लंडन काउंटी कौन्सिल जाऊन ग्रेटर लंडन कौन्सिल आली. मिडलसेक्स, क्रॉयडन, ईस्ट हॅम, वेस्ट हॅम यांची दलं लंडनमध्ये मिसळली आणि दारावरचं बोधचिन्ह बदललं. मला जुनं चिन्ह हवं होतं. मला घंटाही हवी होती, आणि 1960 च्या दशकात तिची जागा दोन सुरांच्या भोंग्याने घेतली.

दुसरं कारण स्मिथफील्ड. 23 जानेवारी 1958 ला लंडनमधल्या स्मिथफील्डच्या कोंबडीबाजाराच्या तळघरात आग लागली. तळघर म्हणजे शीतगृहांचा भुलभुलैया, आत दाट धूर. जवान प्रोटो नावाचं श्वसनयंत्र लावून उतरले. छातीवर श्वासाची पिशवी, पाठीशी ऑक्सिजनचा सिलिंडर, सोडलेला श्वास रसायनातून शुद्ध होऊन परत. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, कुणाचा ऑक्सिजन कधी संपणार, याचा हिशेब ठेवायची पक्की पद्धत तेव्हा नव्हती. दोन जवान आतच राहिले. आग तीन दिवस जळत होती. त्यानंतर देशभर नियम आला: आत जाताना आपल्या नावाचा बिल्ला दारापाशी द्यायचा, तो फळ्यावर लागतो, शेजारी वेळ लिहिली जाते. बिल्ला फळ्यावर आणि माणूस बाहेर नाही, तर शोधायला माणसं आत जातात. आज जगभर अग्निशमन दलं यासारखीच पद्धत वापरतात. म्हणून माझ्या गाडीच्या लॉकरमध्ये दोन प्रोटो संच आहेत आणि फळा नाही. दार उघडं ठेवणार आहे, जाणकाराला साल ओळखता यावं म्हणून.

संच छोटे आहेत, पण जीव ओतलाय. पिशवी एपॉक्सी पुट्टीची, ओली असतानाच सुईने शिवण ओढली. नळ्या म्हणजे बारीक तांब्याची तार सोल्डरच्या तारेवर गुंडाळून केलेल्या, म्हणजे घड्या आपोआप येतात.

मुंबईच्या वाचकांसाठी एक आडवळण. स्टेशन ऑफिसर, सब ऑफिसर, लीडिंग फायरमन ही पदं आपल्या मुंबई अग्निशमन दलात ऐकली असतील. ती याच ब्रिटिश मुशीतून आली. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. गोदीतल्या त्या दिवसाचा देखावा कुणी करत असेल तर मला सांगा, होज आणि नोझल करून द्यायला तयार आहे.

रंगाचं थोडक्यात. प्रायमर राखाडी मारू नका, लाल त्यावर मरतो. फिकट गुलाबी बेस मारला आणि त्यावर लाल पातळ थरांत चढवला. शिडीचं लाकूड वॉर्निशखाली उघडंच ठेवलंय. सोनेरी अक्षरांना काळी सावली आहे. ती हाताने काढायचा धीर नाही, वॉटरस्लाइड कागदावर (पाण्यात भिजवून सरकवून चिकटवायच्या) छापून घेतली.

उरलेलं काम: घंटा, बाजूचे पंपाचे गेज आणि होज. होजसाठी बुटाची चपटी नाडी चहाच्या पाण्यात बुडवून बघितली, कॅनव्हासचा रंग बरा येतो, पण विणकाम जाड दिसतं. त्याहून बारीक विणीची सुती फीत कुणाला कुठे मिळाली असेल तर दुकान सांगा. आणि एफ12 च्या मागच्या अ‍ॅक्सलचा खालून घेतलेला फोटो कुणाकडे असेल तर तोही हवाय, कारण शिडी मागे टांगली की गाडी किती बसते, हे स्प्रिंगचा वाक बघूनच ठरवता येईल.