एक गुंठा हरळी

मी गोलकीपर. पन्नाशी ओलांडली, उजवा गुडघा पावसाचा अंदाज सांगायला लागला, त्यामुळे खरं तर 'होतो' म्हणायला हवं. पण शनिवारी पोरं कमी पडली की अजून मलाच उभं करतात. गोलकीपरला मैदानाचा एकच तुकडा आतून-बाहेरून माहीत असतो, आणि नेमका तोच सगळ्यात आधी टकला होतो.

एकदा टेप घेऊन मोजायला बसलो. दोन खांबांमध्ये 7.32 मीटर, दोन्ही अंगांना साडेपाच-साडेपाच, आणि आत मैदानाकडे साडेपाच. म्हणजे गोलपुढचा चौकोन, गोल एरिया, 18.32 गुणिले 5.5, जवळजवळ 101 चौरस मीटर. सातबारा वाचायची सवय असलेल्याला हा आकडा लगेच कळतो. बरोबर एक गुंठा! भाऊबंदकीत ज्याच्यावरून वीस-वीस वर्षं कोर्टात जातात तेवढी जमीन मी आयुष्यभर राखत आलो, आणि एकदाही माझं नाव तिला लागलं नाही.

आमचं मैदान सिंधुदुर्गात, शिरोड्याहून आरोंद्याकडे जाताना खाडीच्या अंगाला आहे. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा, म्हणून या पट्ट्यात फुटबॉल टिकला. पुढे मालवण-कुडाळकडे गेलात की सगळं टेनिस बॉल क्रिकेट. 2017 साली 17 वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने गोव्यात फातोर्ड्याला झाले तेव्हा आम्ही गाडी करून गेलो होतो. त्या दिवशी कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही. गोलच्या तोंडाशीसुद्धा गवत हिरवं होतं, एवढं पक्कं आठवतं. येताना गाडीत मी त्यावरच बोलत होतो आणि बाकीचे झोपले.

तीन वर्षांपूर्वी वर्गणी जमली. दोन्ही गोलांपुढचं गवत बदलायचं ठरलं आणि घाटावरच्या एका नर्सरीतून गवताच्या गुंडाळ्या आल्या, टेम्पो भरून. दिसायला गालिचा. मे महिन्यात अंथरल्या, पंधरा दिवस पाणी मारलं, पोरांनी फोटो काढले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पडून गेल्यावर, डावीकडे आलेल्या बॉलवर मी झेप घेतली. बॉल गेला आत. मी, आणि माझ्याखालचा चार फूट गालिचा, दोघंही खांबापर्यंत घसरत गेलो. खालची जमीन उघडी, लाल, गुळगुळीत, जेवण झाल्यावर पत्रावळ उचलावी तशी. मुळाचा एक तंतूही खाली उतरलेला नव्हता.

नर्सरीला शिव्या घालून झाल्या. मग एका पावसाळी सकाळी पहार घेऊन खणलं, तेव्हा दोष आमचाही निघाला. वर गुंडाळीबरोबर आलेली काळी, चिकट माती. तिच्याखाली कोणे एके काळी पातळी उंच करायला टाकलेला जांभ्याचा मुरूम, बुटांनी दाबून सिमेंट झालेला. आणि त्याच्याही खाली वीतभर खोलीवर निळसर, घट्ट थर. हा तिसरा थर बघून मला हसू आलं. कारण हे मैदान म्हणजे मुळात आमचा मळा. पिढ्यान् पिढ्या चिखलणी करून, बैलांच्या खुरांनी दाबून, तळाशी तो थर मुद्दाम बसवलेला. भाताला पाणी धरून ठेवायला. चारी बाजूंनी मेरही, म्हणजे बांधही, तशाच. पाणी धरायला केलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, आम्ही पाणी जाईल अशी वाट बघत होतो!

काळी माती पाणी सोडत नाही, मुरूम ते घेत नाही. मधल्या फटीत पाणी साचलं की मुळं तिथेच आडवी पसरतात, कुजतात. गुंडाळी आणायचीच असेल तर ती आपल्या मातीसारख्या मातीत वाढलेली हवी, किंवा मुळं धुऊन आणलेली हवी. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

पुढच्या वर्षी आम्ही काही विकत आणलं नाही. एप्रिलमध्ये दोन्ही गुंठे टिकावाने हातभर खणले, तो निळा थर फोडला, मुरूम बाहेर काढला. खाडीकडची मेर दोन ठिकाणी तोडून चर काढले, चरात खडी भरली. मधोमध उंच आणि कडांना उतार द्यायचा असतो, मीटरला एक सेंटिमीटर. आमचं मैदान साठ मीटर रुंद, म्हणजे रुंदीचा मध्य कडेपेक्षा फूटभर उंच हवा. तेवढी माती आणणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. गोलापुढे मात्र दोरी लावून उतार काढला. एकजण म्हणाला, वाळू फुकट आहे की, समुद्राच्या पुळणीवरून आणू. एक तर तशी उचलता येत नाही, आणि वर ती खारट. नदीची धुतलेली वाळू थोडी विकत घेतली, कुजलेलं शेणखत घेतलं, मळ्याच्याच मातीत कालवलं.

आता गवत. बर्म्युडा म्हणून जे विकतात ती आपलीच हरळी, म्हणजेच दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. मैदानांवरच्या भारी जाती म्हणजे हिचा आफ्रिकेतल्या एका चुलत बहिणीशी केलेला संकर. त्यांना बी धरत नाही, म्हणून काड्या नाहीतर गुंडाळ्याच लावाव्या लागतात. आमच्याकडे संकर नव्हता, पण मेरांवर साधी हरळी वाट्टेल तेवढी. मिरगाचा पहिला पाऊस झाला आणि मी शेजारच्या काकीला जाऊन सांगितलं, आठ बाया हव्यात, दोन दिवस, हरळीची लावणी.

काकी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "जन्मभर शेतातली हरळी उपटून माझी बोटां झिजली, नि आता तू माका तीच लावूक सांगतस? आणि वर मजुरी देतलस?"

पण आल्या. मेरांवरची हरळी उपटून, भाताच्या तरव्यासारख्या जुड्या बांधून, ओळीत वाकून लावत गेल्या. एकेक काडी वीतभर लांब, दोन पेरं मातीत, शेंडा वर, काडी-काडीत चार बोटं अंतर. मी काय शिकवणार? मी फक्त पेरांचं सांगितलं, कारण मूळ फुटतं ते पेरालाच. बाकी त्यांचे हात. गाणीही झाली, हसणंही झालं, त्यातलं निम्मं माझ्यावर.

जूनमधल्या पावसाने काड्या वाहून जाणार ही भीती होती. त्यावर रापणीचं, म्हणजे मासेमारीचं, जुनं, फाटकं जाळं कामाला आलं. लावणीवर अंथरलं, कडांना बांबूच्या खुंट्या मारल्या. पाऊस जाळ्यावर फुटून खाली झिरपायचा, माती जागची हलत नव्हती. महिन्याने अलगद उचललं.

आणि मग काहीच झालं नाही! जुलैभर हरळी नुसती जीव धरून बसली. गावात माझी चेष्टा. पण हरळीला ऊन हवं, आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ऊन पाहुण्यासारखं येतं. मुळं मात्र त्या दिवसांत खाली जात होती. सप्टेंबरात ढग फाटले आणि तिने जे हातपाय पसरले, ऑक्टोबरच्या मध्यावर माती दिसेना.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते मैदान बंद ठेवण्यावरून. लावणीपासून दसऱ्यापर्यंत गोलापुढे पाऊल नाही, असं मी सांगितलं. ओल्या मातीवर एक सराव म्हणजे पुढच्या चार महिन्यांचा दगड. पोरं चिडली, काही अजून चिडलेली आहेत. पुळणीवर ओहोटी बघून खेळली बिचारी. मी आजही म्हणतो, गवत सामन्यांनी मरत नाही, ते सरावाने मरतं. आठवड्याला एक सामना हरळी सोसते. रोज संध्याकाळी एकाच गोलवर तासभर पेनल्टी मारत राहिलं तर नाही सोसत. म्हणून सरावाला पाइपचा हलका गोल केला, तो दर आठवड्याला जागा बदलतो. गोलकीपरने वॉर्मअप कॉर्नरच्या मागे करायचा. हा नियम नवा गोलकीपर पाळत नाही, आणि त्याच्या वयात मीही पाळला नसता.

कापणीचं थोडक्यात सांगतो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. आम्ही ब्रशकटरने कापतो, चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवतो, पावसात थोडं जास्तच. पोरांना क्रिकेटच्या पिचसारखं भादरलेलं हवं असतं. पातं बोथट असेल तर शेंडे फाटून दोन दिवसांत मैदान पांढुरकं दिसतं. युरिया गुंठ्याला एक किलो, त्याहून जास्त नाही, आणि टाकल्यावर लगेच पाणी. गेल्या वर्षी एकाने घाईत मूठ-मूठ टाकली. त्याच्या मुठी नोव्हेंबरभर पिवळ्या ठिपक्यांनी मोजता येत होत्या. लव्हाळा नुसता उपटला तर खालची गाठ राहते आणि दुप्पट येतो, खुरप्याने गाठीसकट काढावा. लाजाळू मात्र मी वैयक्तिक वैराने काढतो. तिच्या काट्यांवर झेप घेतलेल्या माणसालाच ते कळेल.

खाडीकडचा कोपरा अजून हाताला लागलेला नाही. एप्रिल-मेमध्ये तिथे मिठाची पांढरी साय येते आणि विहिरीचं पाणीही मचूळ होतं. रोज शिंपडण्याऐवजी पाच दिवसांतून एकदा भरपूर पाणी सोडलं की मीठ खाली जातं, एवढं जमलंय. पॅस्पॅलम नावाचं गवत खाऱ्या पाण्यावरही जगतं, 2022 च्या कतारच्या विश्वचषकात तेच होतं. पण वर्गणीचा विषय काढला की लोकांना गुंडाळ्या आठवतात.

परवा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळी मैदानावर गेलो तर गोलापुढे पाच-सहा बाया बसलेल्या. दूर्वा खुडत होत्या. मी म्हटलं, काकी, गोलच्या मागे बघ किती आहेत, इथल्या नको. तिने मान वर केली नाही.

"लावली कोणी? मी. मगे खुडतलंय पण मीच."

मग मीही बसलो. एकवीस जुड्या आम्हालाही हव्या होत्या.