पोफळीत आलेला बांबू

"तू लावलेला बांबू आमच्या आगरात आलाय. येऊन बघ जरा," गुहागरहून अण्णांचा फोन.

बांबू खरंच मी लावला होता. चार वर्षांपूर्वी, त्यांच्या शेजारच्या नव्या बंगल्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून. मालक पुण्याचे, दोन पावसाळ्यांत आडोसा हवा म्हणाले. नर्सरीत 'गोल्डन बांबू' म्हणून मिळालेली रोपं मी जात न विचारता उचलली. बागकामात इतकी वर्षं काढून ही चूक!

पोफळींच्या आळ्यांत भाल्यासारखे कोंब उभे. एक तर गडग्यापासून पंधरा फुटांवर. पहारीने खणलं तर वीतभर खाली गाठीगाठींचं जमिनीखालचं खोड, गडग्याच्या पायाखालून सरळ आलेलं. बंगल्याच्या बाजूला भराव आणि फरशी. इकडे भुसभुशीत वाळू आणि उन्हाळाभर पाटाचं पाणी. बांबूने बरोबर जागा निवडली होती.

तीन गड्यांसह संध्याकाळपर्यंत खणत होतो. जिवंत डोळ्याचा तुकडा मागे राहिला की पुन्हा फुटतो, म्हणून अण्णा टोपली घेऊन एकेक कांडं वेचत होते. बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं.

सरसकट बांबूला नावं ठेवायची नाहीत. आपला कोकणातला माणगा बांबू बेट धरून राहतो, धावत नाही. पण बेट रुंदावतं, आणि इथे पट्टा जेमतेम चार फुटांचा.

मालकांना फोन केला. बांबूच्या जागी निगडी, म्हणजे निरगुडी सुचवली तर म्हणाले, "ती रस्त्याकडेला उगवते ती? बंगल्याला?" तीच. पावसात फांदी खोचली की जगते, छाटली की दाट होते, गुरं तोंड लावत नाहीत. समुद्राच्या बाजूला उंडी. वाढायला सावकाश, पण खारा वारा सोसते. आणि अंगणाच्या कडेला, जिथे जागा मोकळी आहे तिथे कोकम, बारमाही हिरवं, फांद्या खालपर्यंत झुकलेल्या. कोकमाची रोपं मात्र बियांची नकोत. त्यांत नर झाडं बरीच निघतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'ची कलमं आणू म्हटलं. आमसुलं घरची होतील हे ऐकल्यावर मालकीणबाईंनीच होकार दिला.

निगडी आता डोक्याएवढी झालीय. उंडी अजून गुडघ्याला.

पहिला पाऊस झाला की अण्णांचा फोन येतो. "दोन आलेत रे." मी पहार गाडीत टाकतो.