फोटोच्या मागे नावं लिहा गं मुलींनो

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या माजी विद्यार्थिनींचं गेट-टुगेदर दरवर्षी डिसेंबरात असतं, 8 डिसेंबरच्या आसपासचा रविवार धरून. 8 तारखेला इमॅक्युलेट कन्सेप्शनचा, म्हणजे येशूची आई मरिया गर्भात आल्या क्षणापासून पापमुक्त होती या श्रद्धेचा, सण असतो, आणि शाळेत असताना तो आमच्यासाठी अभ्यास नसलेला, पांढरा युनिफॉर्म घालायचा, असेंब्लीत जास्त गाणी म्हणायचा दिवस. कॅथलिक मुलींना त्याचा अर्थ कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवलेला असायचा, आम्ही बाकीच्या त्या वेळी मॉरल सायन्सच्या वर्गात, पण सण सगळ्यांचाच होता आणि अजूनही आहे.

आधी कार्यक्रम ठरलेला असायचा. प्रार्थना, स्वागत, प्रिन्सिपल सिस्टरांचं भाषण, थोडी गाणी, मग ग्रुप फोटो की घरी. मग एका वर्षी आमच्यातल्या एकीने हॉलच्या मागच्या बाजूला एक लांब टेबल लावून त्यावर घरचे जुने फोटो मांडले, आणि तेव्हापासून सगळं बदललं. आता मुली (आमच्यातल्या कित्येक जणी आज्या झाल्यात, पण त्या हॉलमध्ये सगळ्या मुलीच) कार्यक्रमाच्या तासभर आधी येतात, पर्स ठेवायच्या आधी टेबलाकडे जातात, चष्मे वर-खाली करतात आणि लगेच सुरू होतं, ए ही कोण गं, अगं ही ती नाही का, जिच्या दोन वेण्या गुडघ्यापर्यंत होत्या ती. भाषणाच्या वेळी सगळ्यांना खुर्च्यांवर आणून बसवणं हे आता एक वेगळंच काम होऊन बसलंय. मला ते फार आवडतं.

एक फोटो सांगते. ख्रिसमसच्या आधीच्या टॅब्लोचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, ब्लॅक अँड व्हाइट, तळहाताएवढा, एक कोपरा दुमडलेला. मुलींची शाळा असल्यामुळे जोसेफही मुलगी, मेंढपाळही मुली आणि तिन्ही राजेसुद्धा मुलीच. राजांच्या डोक्यावर टॉवेलचे फेटे आणि त्यावर सोनेरी कागदाचे मुकुट, कोळशाच्या मिशा, अंगावर कुणाच्या तरी घरचे पडदे. पहिल्या दोन राजांना सगळ्यांनी ओळखलं. तिसरा राजा मात्र तोंड खाली घालून उभा, मुकुट भुवयांपर्यंत आलेला, ओळखच पटेना. तीन-चार नावं निघाली, प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटत होतं. मग एकीने फोटो जवळ धरून बघितला आणि म्हणाली, अगं हिने पेटी डाव्या हातात धरलीय, उजवा हात पडद्याच्या आत आहे, त्या वर्षी हात कुणाचा मोडला होता आठवा. आणि सगळ्यांना एकदम आठवलं, कारण त्या प्लास्टरवर अख्ख्या वर्गाने सह्या केल्या होत्या. ती स्वतः तिथे नव्हती, दुसऱ्या देशात असते, तिला लगेच फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं की हो मीच, आणि त्या पेटीत गंधरस म्हणून कुणीतरी खडूचे तुकडे भरले होते ते हलवलं की वाजायचे म्हणून मी मान खाली घालून हसू दाबत होते. मत्तयच्या शुभवर्तमानात बाळ येशूला भेटायला आलेले ते मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, नक्की किती होते ते लिहिलेलंच नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून परंपरेने तीन राजे, हे आम्हाला सिस्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. टॅब्लोत मात्र तीनच हवेत, आणि आता तिघींची नावं फोटोच्या मागे आहेत.

वर्ष ओळखायची आमची एक पद्धत आहे, सिस्टरांच्या वेषावरून. जुन्या फोटोंत सिस्टर पायघोळ हॅबिटमध्ये, म्हणजे नन्सच्या झग्यात, कपाळापर्यंत घट्ट पांढरी पट्टी, फक्त चेहरा दिसतो, कान नाहीत, केस तर नाहीतच. नंतरच्या फोटोंत तोच चेहरा, पण डोक्यावरून घ्यायचं साधं छोटं कापड, म्हणजे व्हेल, पुढचे केस दिसताहेत, झगा आखूड. आणि अजून नंतर काही जणी साडीत. हा बदल आपोआप झाला नाही. 1962 ते 1965 दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, झाली आणि तिच्या शेवटाकडे, ऑक्टोबर 1965 मध्ये, धार्मिक जीवनाच्या नूतनीकरणाबद्दलचा दस्तऐवज निघाला, त्यात स्पष्ट म्हटलंय की वेष साधा असावा, आरोग्याला आणि स्थळकाळाला, कामाला सोयीचा असावा. मग प्रत्येक काँग्रिगेशनने, म्हणजे नन्सच्या संघाने, आपापल्या वेगाने बदल केले. त्यामुळे घट्ट पट्टीवाला फोटो दिसला की सीनियर ताया ताठ होऊन सांगतात, हा आमच्या वेळचा.

त्यांच्यात आणि आमच्यात अजून एक फरक आहे. त्या म्हणतात ‘मदर’, आम्ही म्हणतो ‘सिस्टर’. आधी बऱ्याच काँग्रिगेशन्समध्ये शिकवणाऱ्या नन्सना मदर म्हणायचे, नंतर सगळ्याच सिस्टर झाल्या. वर आणखी असं की आधी व्रत घेताना नन्सना नवीन नाव मिळायचं, एखाद्या संताचं, आणि परिषदेनंतर कित्येक जणी आपल्या बाप्तिस्म्याच्या नावाकडे परतल्या. आता बघा काय होतं, एका ताईंनी फोटोतल्या मदरांचं एक नाव सांगितलं, आमच्या बॅचने त्याच चेहऱ्याच्या सिस्टरांचं दुसरंच सांगितलं, आणि दोन बॅच अर्धा तास दोन वेगवेगळ्या व्यक्तींबद्दल बोलतोय असं समजून बोलत राहिल्या. एक म्हणे त्या फार कडक, दुसऱ्या म्हणे छे, किती प्रेमळ. शेवटी हनुवटीवरच्या तिळाने निकाल लागला, दोन्ही त्याच. मग आम्ही विचारलं की खरंच एवढ्या कडक होत्या का, तर ताई म्हणाल्या होत्या, पण मला टायफॉइड झाला तेव्हा रोज संध्याकाळी वर्गातल्या वह्या घेऊन घरी यायच्या. ही गोष्ट त्या टेबलापाशीच निघाली, भाषणात निघाली नसती.

बहुतेक प्रत्येक बॅचचा एक फोटो ग्रोटोसमोर असतोच. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 मध्ये बर्नाडेट नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला एका गुहेत मरियेचं दर्शन झालं, एकूण अठरा वेळा, पहिलं 11 फेब्रुवारीला, आणि त्या गुहेच्या नमुन्याच्या ग्रोटो जगभर कॅथलिक शाळांच्या आवारात असतात. आमच्या सिस्टर आवर्जून सांगायच्या की बर्नाडेट अभ्यासात मागे होती, आजारी असायची, तरी दर्शन तिलाच झालं, आणि मागच्या बाकांवरच्या मुलींना ते ऐकून किती बरं वाटायचं ते मला माहितीय. बर्नाडेटचे खरेखुरे फोटोही आहेत, 1860च्या दशकातले, डोक्याला रुमाल बांधलेली, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. तर आमच्या ग्रोटोच्या फोटोंत मरियेचा पुतळा तोच, पायापाशी हात जोडलेली बर्नाडेट तीच, फक्त बाजूची वेल दर काही वर्षांनी उंच होत जाते आणि पुढे उभ्या असलेल्या मुली बदलतात. परीक्षेच्या आधी तिथे कुणी काय काय मागितलं होतं त्याची यादी केली तर गणिताचा नंबर नक्की पहिला येईल.

ऑफिशियल ग्रुप फोटो म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मधोमध प्रिन्सिपल सिस्टर, दोन्हीकडे टीचर, पुढे मांडी घातलेल्या मुली आणि त्यांच्यापुढे इयत्ता-तुकडी-साल लिहिलेली पाटी. खाली छापलेलं, बसलेल्या डावीकडून उजवीकडे, उभ्या पहिली रांग, दुसरी रांग, आणि नावं म्हणजे फक्त इनिशियल आणि आडनाव. माहेरचं आडनाव! शाळेत आम्ही एकमेकींना आडनावानेच हाक मारायचो, आणि गेट-टुगेदरला अजूनही तेच. घरी, बँकेत, पासपोर्टवर जे आडनाव आता कुठेच उरलेलं नाही ते हॉलच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत कुणीतरी ओरडून मारतं, आणि बाई झटक्यात वळून बघते.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. बॅच म्हणजे काय, तर आपण धरतो दहावीचं साल. पण दहावीच्या ग्रुप फोटोत जेवढ्या मुली आहेत तेवढ्याच आपल्या वर्गात होत्या का? नाही. कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणी नापास होऊन मागे राहिली, कुणाचं सातवीनंतर शिक्षणच थांबलं, बोर्डिंगच्या काही जणी सुट्टीत घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. दोनेक वर्षांपूर्वी एक जण आली होती, बिचकत, दारातच उभी राहून म्हणाली मी चालेन का, मी आठवीपर्यंतच होते. चालेन का म्हणजे काय! तिला आत आणलं, टेबलापाशी उभं केलं, ती सगळे दहावीचे फोटो बघत गेली, वर्गातल्या मुलींना ओळखत गेली, नावं तिला आमच्यापेक्षा जास्त आठवत होती, पण ती स्वतः कशातच नव्हती. मग एकीने पिशवीतून पाचवीचा स्पोर्ट्स डेचा फोटो काढला, मार्च-पास्टचा, आणि हाउसचा झेंडा हातात घेऊन सगळ्यात पुढे ही! पांढरे कॅनव्हासचे बूट, खडू लावून पांढरे केलेले, एक मोजा घसरलेला, हनुवटी वर. ती बराच वेळ तो फोटो हातात धरून उभी होती. म्हणाली माझ्या मुलांना मी या शाळेत होते हे सांगते पण दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. तिथल्या तिथे मोबाइलने काढून दिला आणि नंतर नीट स्कॅन करून प्रिंटही पाठवली.

तेव्हापासून आम्ही दहावीच्या सालाबरोबर शाळेत घातल्याचं सालही यादीत लिहितो, आणि ज्यांनी मधेच शाळा सोडली त्यांना शोधून बोलावतो. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं.

फोटोत नसलेल्या इतरही आहेत. ज्या सिस्टर नेहमी कॅमेरा घेऊन असायच्या त्या जवळजवळ कुठल्याच फोटोत नाहीत, एका पिकनिकच्या फोटोत फक्त त्यांची सावली गवतावर पडलेली दिसते, व्हेलसकट, आणि तो आम्ही मोठा करून लावलाय. शाळेच्या मावशी, घंटा देणारे, पाण्याच्या टाकीपाशी रांग लावणाऱ्या बाई, हे सगळे कुठेतरी कडेला अर्धे आलेले. कडा कापू नका म्हणून मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच, अल्बमात बसवायला किंवा मोबाइलवर छान दिसायला म्हणून लोक फोटो क्रॉप करतात आणि नेमकी मावशी जाते.

आणि थोडं कामाचं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो टिकलेत, त्यात चांदीचे कण असतात म्हणून. 1970-80च्या दशकातले कलर फोटो मात्र लालसर झालेत कारण त्यातला निळसर रंग सगळ्यात आधी उडतो, त्यामुळे स्कॅन करायचे तर ते आधी करा. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम आपल्या सगळ्यांकडे आहेत, तो गोंद फोटो खातो. फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा बारीक फ्लॉस असतो तो फोटोमागून हळूहळू सरकवा, आणि नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला असेल तर सोडवू नका, काचेवरूनच कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्या. लहान प्रिंट 600 डीपीआयला स्कॅन केली की मागच्या रांगेतले चेहरे ओळखता येतात. व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो टाकला की तो बारीक होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे बऱ्याचदा स्टुडिओचा शिक्का नाहीतर कुणाच्या आईच्या अक्षरात तारीख असते. आणि मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, अलगद, बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उठतो. बाहेर कुठे टाकण्याआधी मात्र फोटोतल्या मैत्रिणीला विचारा, सगळ्यांनाच आपलं बालपण सगळ्या जगाला दाखवायचं नसतं.

सिस्टरांना फोटो पाठवायचंही आम्ही सुरू केलंय. नन्सच्या बदल्या होत राहतात, एका शाळेत काही वर्षं, मग दुसरं कॉन्व्हेंट, आणि म्हातारपणी काँग्रिगेशनच्या निवृत्त सिस्टरांच्या घरात. त्यांच्याजवळ स्वतःचं सामान फारसं नसतं, फोटो तर नसतातच. आम्ही एका सिस्टरांना आमच्या वर्गाचा फोटो मोठ्या प्रिंटमध्ये पाठवला, तर त्यांच्याबरोबर राहणाऱ्या सिस्टरांचा फोन आला की त्या रोज मॅग्निफाइंग ग्लास घेऊन बसतात आणि रांगेने नावं म्हणतात. पाच जणींची नावं त्यांनी आम्हाला सांगितली जी आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हती. त्यातल्या दोघी सापडल्या आहेत, या डिसेंबरात येणार आहेत.

तर या वर्षी प्राथमिकचे फोटो आणा, पहिली ते चौथीचे, फर्स्ट कम्युनियनचे, म्हणजे कॅथलिक मुली चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवसाचे, पांढऱ्या फ्रॉकमधलेही आणा, त्यात मागच्या बाकावर बघायला आलेल्या आम्हीसुद्धा कुठेतरी असू. माळ्यावरच्या पेट्या आत्ताच काढा, आदल्या रात्री शोधू नका. पेन्सिली टेबलावर ठेवलेल्या असतील.