बिलाचा कागद

चवथीच्या आधीचा शुक्रवार म्हणजे म्हापशात पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवशी दवाखान्यात फारसं कुणी फिरकत नाही. ही मात्र दुपारच्या सुट्टीत धावत आली. बांद्याची पोर, रोज बसने इथं येऊन एका सुपरमार्केटात कॅशवर बसणारी. खुर्चीत टेकण्याआधीच दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"ह्या बिलाच्या कागदान माझ्या हातांची वाट लावल्यान, मॅडम."

मोबाइलवर वाचून निदान करूनच आली होती. मी हात उलटसुलट करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली कातडी लाल, भेगाळलेली. दोन्ही हातांवर सारखीच. बिल ती फाडायची उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने, आणि त्या दोन बोटांची टोकं चांगली शाबूत. कागद गुन्हेगार असता तर आधी तिथं दिसला असता. बेचक्यांत आणि अंगठीखाली साबण अडकून राहतो. विचारल्यावर कळलं, दर थोड्या वेळाने हँडवॉश, वर काउंटरवरचं सॅनिटायझर. दुखणं तिथलंच होतं.

मलम लिहायला घेतलं. स्टिरॉइड असलं की विचारावंच लागतं, तसं विचारलं. चौथा महिना लागला होता.

आता कागदाचा विषय असा सोडून देता येईना. तिने पर्समधून एक बिल काढलं, मी त्यावर नखाने रेघ ओढली. काळी उमटली. छापील कागद म्हटलं की आपल्याला शाई आठवते, पेपरात बांधलेली भजी आठवतात. ह्या कागदाला शाई लागतच नाही. रंग आणि तो उमटवणारं रसायन दोन्ही कागदावर आधीच लावलेली असतात, उष्णतेने ती एकत्र येतात. ते रसायन बऱ्याचदा बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, शरीरात संप्रेरकासारखं (हार्मोनसारखं) वागणारं. प्लास्टिकमध्ये ते साखळीत बांधलेलं असतं, इथं सुटं असतं, म्हणून बोटाला लागतं. कोरड्या बोटापेक्षा ओल्या किंवा तेलकट बोटाला सुमारे दहापट. 2014 साली अमेरिकेत काही जणांना दोन तास सलग अशी बिलं हाताळायला दिली, तर त्यांच्या लघवीतलं प्रमाण तिपटीवर गेलं. हातमोजे घातल्यावर तशी वाढ दिसली नाही.

आणि मी कागदावर लिहून बसले होते, 'व्हॅसलीन दिवसातून चार-पाच वेळा भरपूर लावणे.' एरवी हाताच्या एक्झिमाला याहून चांगला सल्ला नाही. कॅशवर बसणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा देणं म्हणजे तेलकट बोटांनी, तेही फुटलेल्या कातडीने, दिवसभर बिलं फाडायला सांगणं. सॅनिटायझरचंही तेच, त्याने रसायन कातडीतून आत जायला मदत होते.

तिला घाबरवायचं नव्हतं. इतक्याशा मात्रेने बाळाला अमुक होतं, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बिस्फेनॉल एची रोजची मर्यादा वीस हजार पटीने खाली आणली, तर तिथल्याच औषध नियामकांना ते पटलं नाही. पण बिलाच्या कागदात ते वापरायला युरोपात 2020 पासून बंदी आहे. बरेच कारखाने बिस्फेनॉल एसकडे वळले, तो चुलतभाऊच. कागदावर 'बीपीए-फ्री' लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नये.

मग लिहिलेलं खोडलं. मलम आणि व्हॅसलीन रात्री, वर सुती मोजे. काउंटरवर नायट्रिलचे हातमोजे, घाम आला की बदलायचे. सॅनिटायझर बंद. डबा उघडण्याआधी हात सौम्य साबणाने धुवायचे. मॅनेजरसाठी चिठ्ठी दिली: बाळंतपणापर्यंत शक्य तर मालाच्या मांडणीवर ठेवा, नाहीतर हातमोजे द्या.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. "डॉक्टर, चवथीच्या गर्दीत कॅशवरून माणूस कसा काढू? आणि एकीला मोजे दिले की बाकीच्याही मागतील."

"मागू देत," म्हटलं, "त्याही तीच बिलं फाडतात."

मोजे दुसऱ्या दिवशी आले, फक्त तिच्यापुरते. कॅशवरून हलवलं ते चवथ झाल्यावर.