आमची वाटचाल : कबच्या चार बुशपासून

चार बुश. बुश म्हणजे झीज सोसणारी छोटी नळी. करंगळीच्या पेराएवढे, ब्राँझचे, रडरच्या म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या बिजागरीत बसणारे. विमान १९४६ चं पायपर जे-३ कब, छोटं आणि हलकं. मालक विस्कॉन्सिनमधले, सत्तरी ओलांडलेले दूध-व्यवसायातले शेतकरी. पुरवठादाराने एका बुशचे १४० डॉलर सांगितले आणि वर आठ महिने थांबावं लागेल म्हणाला. ही २०११ ची गोष्ट. जुनी विमानं दुरुस्त करायचं वर्कशॉप सुरू करून आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि तोवर असा आकडा ऐकला की मी मुकाट्याने ऑर्डर देत असे. जुन्या विमानांचं हे असंच, असं सगळेच सांगायचे. त्या दिवशी मात्र फोन ठेवून मी त्या झिजलेल्या बुशकडे बराच वेळ बघत बसलो. असा बुश मी पंधराव्या वर्षी लेथवर काढला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे आबा टर्नर होते. ऑइल इंजिनाचा, उसाच्या चरकाचा, पिठाच्या गिरणीचा मोडका भाग पिशवीत घालून लोक यायचे. आबा तो हातात घेऊन फिरवत आणि विचारत, "मटेरियल कसलं हाय? बसतंय कुठं? लोड किती येतोय?" एवढं कळलं की संध्याकाळपर्यंत नवा भाग तयार. मी शाळेतून आलो की लेथखालच्या धातूच्या चिप्स झाडायचो, मग हळूहळू लेथला हात लावायला मिळाला. पुढे इंजिनिअरिंग केलं, नोकरीसाठी मिलवॉकीला आलो आणि शनिवार-रविवारी एका म्हाताऱ्या विमान-मेकॅनिकच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, फुकट राबू लागलो. विमानाचं वेड तिथलं. मेकॅनिकच्या एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) या दोन्हींच्या परवान्याला ३० महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. तो शनिवार-रविवार मोजून भरला, परीक्षा दिल्या आणि २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच ओशकोशपासून तासाभराच्या अंतरावर एक हँगर भाड्याने घेतला.

पत्नी पहिल्या दिवसापासून सोबत आहे. कापडाचं सगळं काम तिचं. या विमानांच्या पंखांवर मूळचं सुती कापड असे, आता पॉलिस्टर. ते चढवायचं, इस्त्रीने तापवून ताणायचं आणि मग पंखाच्या सांगाड्यातल्या प्रत्येक रिबला, म्हणजे फासळीला, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालून बांधायचं. तिचा टाका माझ्यापेक्षा कितीतरी सरस. हिशेबही तीच बघते, आणि तिनेच दाखवून दिलं की गिऱ्हाइकाच्या बिलात आमच्या मजुरीपेक्षा सुट्या भागांचा आकडा मोठा होत चाललाय. "लोक आपल्याला पैसे देतायत की पुरवठादारांना?" असं तिने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा बुशकडे येतो. लेथ होता, हात होता, मग केले का नाहीत? कारण विमानात बसणारा भाग वाटेल त्याला बनवून विकता येत नाही. त्याला एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची, उत्पादन मान्यता लागते आणि ती मिळवणं आमच्यासारख्या दोन माणसांच्या दुकानाच्या आवाक्यातलं नाही. पण एफएएच्याच नियमावलीत, 'पार्ट २१' च्या कलम २१.९ मध्ये, एक वाट आहे. विमानाचा मालक स्वतःच्या विमानासाठी भाग तयार करू शकतो. लेथ त्यानेच चालवावा असं नाही. भागाची मापं आणि माहिती देणं, मटेरियल पुरवणं, प्रक्रिया ठरवून देणं, तपासणी करणं किंवा कामावर देखरेख ठेवणं, यात त्याचा खरा सहभाग हवा. नुसते पैसे देऊन भागत नाही. आणि असा भाग दुसऱ्याला विकायला करायचा नाही.

मी त्या शेतकरीबाबांना हे समजावलं. त्यांनी कबच्या मालकांच्या क्लबाकडून जुन्या ड्रॉइंगची प्रत आणली, ब्राँझची सळई तिच्या मटेरियल सर्टिफिकेटसकट विकत घेतली आणि एका शुक्रवारी सकाळी दूध काढून झाल्यावर थेट हँगरवर आले. मी जॉब चढवला, ते शेजारी मायक्रोमीटर घेऊन उभे. दुसरा बुश मापात कमी निघाला, तो त्यांनीच बाजूला टाकला. दुपारपर्यंत चार झाले. सळईला २२ डॉलर लागले होते. विमानाच्या लॉगबुकात नोंद झाली, खाली त्यांची सही, मग माझी. निघताना ते म्हणाले, हे विमान वडिलांनी घेतलं तेव्हापासून मी उडवतोय, पण त्यातलं काही माझ्या हातचं असं आज पहिल्यांदाच. मला आबांची फार आठवण आली.

तिथून कामाची रीत बदलली. प्रत्येक भागासाठी आधी आबांचे तीन प्रश्न, मग किंमत. सेसना १४० या जुन्या छोट्या विमानाच्या चाकांच्या बेअरिंगसाठी विमानाच्या पार्ट नंबरने मोठी रक्कम सांगितली गेली. मूळ कॅटलॉग उघडला तर तिथेच बेअरिंग कंपनीचा नंबर छापलेला. तेच बेअरिंग, तोच कारखाना, गावातल्या बेअरिंगच्या दुकानात कितीतरी कमी पैशांत. पुरवठादाराने फक्त पिशवी बदलली होती. मला याचा संताप येतो, आजही येतो. हवाई छंद श्रीमंतांचा असतो असं लोक समजतात, पण माझी निम्मी गिऱ्हाइकं शेतकरी, शिक्षक आणि निवृत्त कामगार आहेत.

एकदा मीही फसलो. कबच्या ६५ अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनाला स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर असतो. त्याची फ्लोटची सुई, जी पेट्रोल वेळेवर अडवते, 'जुना पण न वापरलेला माल' म्हणून चढ्या भावात घेतली. डबा मूळचा, छपाई मूळची. पण सुईच्या टोकाचं रबर नुसतं पडून पडून कडक झालं होतं. पेट्रोल ठिबकायला लागलं. पुरवठादाराने परत घ्यायला नकार दिला. तो खर्च मी गिऱ्हाइकाच्या बिलात लावला नाही. तेव्हापासून रबर आणि चामडं जुन्या साठ्यातलं घेतच नाही, किंमत काहीही असो.

याच्या उलट, काही ठिकाणी मी एका डॉलरचीही घासाघीस करत नाही. पायपरच्या पंखांना आधार देणारे स्ट्रट आतून गंजतात, बाहेरून काही दिसत नाही. यासाठी एफएएचा सक्तीचा आदेश आहे. नवे, आतून बंद केलेले स्ट्रट महाग पडतात आणि मीही सुरुवातीला कुरकुर केली होती. मग एका विमानाचा काढलेला जुना स्ट्रट करवतीने उभा चिरला. खालच्या टोकाला पत्रा कागदासारखा झाला होता. तो तुकडा आमच्या दारामागे टांगलेला आहे. कुणी स्ट्रटच्या किमतीवर बोलायला लागलं की मी तो त्यांच्या हातात देतो.

पुरवठादार सगळे लुबाडणारे नाहीत, हेही मला उशिरा कळलं. एका बाईंशी फोनवर मी जरा चढ्या आवाजात बोललो होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा भाग वर्षाला दहा-बारा विकला जातो आणि किमतीतला मोठा हिस्सा विम्याचा आहे. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने लहान विमानांच्या उत्पादकांवरची जबाबदारी १८ वर्षांनी संपते, पण नवा भाग बसवला की त्या भागापुरती ती १८ वर्षं नव्याने मोजायला सुरुवात होते. विमान ऐंशी वर्षांचं असलं तरी त्यांची जबाबदारी आजची. मी माफी मागितली. मग विचारलं, दहा-बारा भाग एकदमच मागवले तर? त्या म्हणाल्या, मशीन एकदाच लावावं लागेल, नक्कीच कमी करता येईल.

त्यातून आमची जानेवारीची यादी सुरू झाली. बर्फामुळे उडणं बंद असतं, तेव्हा पत्नी सगळ्या ओळखीच्या मालकांना फोन करून कुणाला काय लागणार ते विचारते. जुलैच्या शेवटी ओशकोशचा विमानांचा मेळा भरतो, तिथे जुन्या भागांचा बाजार असतो. तिथे ओळखी वाढल्या, यादी वाढली.

ड्रॉइंग मिळणं मात्र अजून अवघड आहे. १९७२ च्या महापुरात लॉक हेवनच्या पायपर कारखान्यात पाणी शिरलं, त्यात साचे गेले म्हणून पायपरचं कोमांचे हे विमान बनायचंच थांबलं. फेअरचाइल्ड एफ-४५ या १९३० च्या दशकातल्या विमानाच्या कागदपत्रांसाठीचा झगडा तर २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका विमानप्रेमीची मागणी आधी फेटाळली गेली होती, म्हणून दुसऱ्याला दावा करता येतो की नाही एवढ्यावरच तिथे निकाल झाला : येतो. २०१२ च्या कायद्याने, विमानाच्या रचनेच्या ज्या प्रमाणपत्राचा मालक सापडत नाही आणि जे तीन वर्षं निष्क्रिय आहे, त्याची माहिती सुरक्षिततेला उपयोगी असेल तर खुली करायची सोय झाली. आम्ही अशा माहितीसाठी दोनदा अर्ज केला. एकदा मिळाली.

यंदाच्या यादीत एकोणीस नावं आहेत. सर्वांत वरचं नाव त्या शेतकरीबाबांच्या नातीचं. कब आता ती उडवते. तिला टेलव्हीलचे, म्हणजे शेपटीखालच्या चाकाचे, बुश हवे आहेत, आणि सळई मी स्वतः घेऊन येते, असं तिने कळवलंय.