दांडीवरचा हात

वृद्ध माणसासाठी बॅटरीवर चालणारी खुर्ची घेताना तिची किंमत किती आणि एका चार्जिंगवर ती किती किलोमीटर जाते, एवढीच चौकशी बहुतेक घरांत होते; परंतु खरा प्रश्न जॉयस्टिकवर, म्हणजे खुर्ची चालवण्याच्या छोट्या दांडीवर, ठेवल्या जाणाऱ्या हाताचा असतो, असे माझे मत शहापूरच्या आमच्या मोठ्या काकांकडे पाहून पक्के झाले आहे.

काकांची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत आणि उजवा हात थोडा थरथरतो. सुरुवातीला दांडी जराशी ढकलली तरी खुर्ची झटक्याने पुढे सुटे, ते घाबरून हात काढून घेत, आणि हात सुटताच मोटार थांबून आपोआप ब्रेक लागल्यामुळे त्यांना पुढे हिसका बसे. या वयात हे जमायचे नाही, असे घरात ठरूनही गेले. वास्तविक पुष्कळ खुर्च्यांच्या कंट्रोलरमध्ये कमाल वेग, सुरुवातीची उसळी आणि वळण्याची गती तंत्रज्ञाला कमीजास्त करता येते. काही मॉडेलांत हाताच्या थरथरीकडे किती दुर्लक्ष करायचे, तेही ठरवता येते. खुर्ची पोचवणारा माणूस मात्र सही घेऊन निघून गेला होता. त्याला पुन्हा बोलावून उसळी उतरवून घेतली, दांडीच्या टोकाला जाड रबरी मूठ बसवली, तेव्हा काका सोप्यातून देवघरापर्यंत स्वतः जाऊ लागले. काकू अजूनही मागून खुर्ची धरतात. "सोड की गं, मी चालवतोय न्हवं," असे ते दर वेळी म्हणतात.

घराबाहेर पडणे मात्र अजून दुसऱ्यांच्याच हातात आहे. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून आमच्याकडच्या जुन्या घरांची जोती उंच बांधलेली असतात, आणि उंचीच्या १२ पट लांबी हा उताराचा सर्वमान्य हिशेब धरला तर दीड फुटाच्या जोत्याला १८ फुटांची उतरण लागते. आमचा बोळ तेवढा रुंदच नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्यांची ही जड खुर्ची काकांसह उचलणे शक्य नसल्याने आधी त्यांना हाताला धरून उतरवावे लागते आणि मग खुर्ची. जॉयस्टिकला पावसाचे वावडे असल्यामुळे पावसाळ्यात तेही बंद.

वाटेत बॅटरी उतरली, तर चाकांजवळचे लिव्हर फिरवून मोटार मोकळी केल्याशिवाय ही खुर्ची ढकलून हलत नाही, आणि मोकळी केली की तिचा ब्रेकही जातो. ते लिव्हर कुठे आहे, हे काकांनी नातवाला दाखवून ठेवले आहे. उतारावर त्याला हात लावायचा नाही, हेही बजावले आहे.